अडतीस फोटोंचे कोरे रीळ

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्ती (गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून बंद), सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, कोणीही मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, पण तिने ते लेखी दिलेले नाही. याआधीचे माझे म्हणून कोणी एखादे मृत्युपत्र दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान पत्नीला मिळावे. तिच्या पश्चात मुलीला. यात न्हाणीघरही आले. गेली कित्येक वर्षे दर रविवारी दोन तास तिने ते माझ्या ताब्यात दिले. मी रीळ धुतो ते इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कालवलेल्या पाण्यात. दुकानातल्या रसायनापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते, मात्र वास ओल्या कुत्र्यासारखा येतो. "आमच्याकडे पाहुण्यांना चहा आणि कॅमेऱ्याला कॉफी," असे ती येईल त्याला सांगत आली. तरी दोरीवर माझ्या निगेटिव्ह चिमट्यांनी लटकत असताना तिने तिथे कधी ओला टॉवेल टाकला नाही. ते प्रेम मला कळत होते. तोंडाने कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम २. दुकानातली हत्यारे आणि पितळी वजनांची पेटी शेजारच्या घड्याळजींना द्यावी. त्यांना वजनांचा काडीचा उपयोग नाही, पण पेटीवर त्यांचा डोळा आहे हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे.

कलम ३. माझा ट्रायपॉड साडूकडे आहे. त्याने तो "दोन दिवसांसाठी" नेला त्याला सहा वर्षे झाली. सध्या त्यावर त्याच्या गच्चीतला वेल चढलेला आहे. आता वेलाचे हाल नकोत, ट्रायपॉड साडूलाच दिला असे समजावे. फक्त तो आपण विकत घेतला असे त्याने लोकांना सांगणे बंद करावे.

कलम ४. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडून केलेला कॅमेरा मुलीला. त्याला भिंग नाही की बटण नाही. भोकावरची चिकटपट्टी काढायची, वीसपर्यंत मोजायचे, पट्टी परत लावायची. मुलगी सात वर्षांची असताना अशीच समोर बसली आणि सतराला शिंकली, म्हणून त्या फोटोत तिला दोन नाके आहेत. तो फोटोही तिचाच. फ्रिजमधली मुदत संपलेली नऊ रिळे जावयाला. फोटो जरा धुरकट येतात, उजेड दुप्पट द्यावा लागतो. मुदत संपली म्हणून फेकू नयेत. मुदतीत तर मीही नाही.

कलम ५. उरला तो मोठा, लोखंडासारखा जड कॅमेरा. जुन्या बाजारातून घेतला तेव्हा त्याच्या झाकणातून उजेड आत शिरत होता. फटीत काळी लोकर चिकटवून मी तो बंद केला. हा कॅमेरा मी आधी धाकट्या भावाच्या नावे लिहिला होता. ते वाक्य खोडलेले दिसेल. का खोडले, ते सांगतो.

सोळा वर्षांपूर्वी आईला ऐंशी पूर्ण झाली. ताई, मी, धाकटा, सगळ्यांची मुलेबाळे, अशी बारा वर्षांनी प्रथमच सगळी एका घरात जमली होती. मी दिवसभर फोटो काढत होतो. आई खुर्चीत, आई ताईच्या खांद्यावर डोके ठेवून, आई हसताना. कॅमेऱ्याचा आकडा छत्तीसवर गेला, मग सदतीस, मग अडतीस. मी खूश. कंपनीने दोन फोटो फुकट दिले असे सगळ्यांना सांगितलेसुद्धा. कॅमेरा टेबलावर ठेवून हात धुवायला गेलो आणि परत आलो तर धाकट्याच्या हातात कॅमेरा, मागचे झाकण उघडे.

मी ते झडप घालून बंद केले आणि भर घरात ओरडलो, "आईचे सगळे फोटो जाळलेस." ताई रडायला लागली. धाकटा एवढेच म्हणाला, "मला वाटलं, रीळ संपलंय." आई एकोणीस दिवसांनी गेली. तिचा त्यानंतर एकही फोटो निघाला नाही.

दिवस झाल्यावर मी ते रीळ धुतले. उजेड लागलेली फिल्म धुतल्यावर काळी पडते. माझी पट्टी पहिली चार बोटे काळी आणि पुढे काचेसारखी स्वच्छ निघाली. काठावर फक्त कंपनीचे आकडे. म्हणजे रिळाचे टोक मी आतल्या चाकात नीट अडकवलेच नव्हते. आकडा पुढे जात होता, रीळ जागचे हलले नव्हते. आईचा एकही फोटो निघालेला नव्हता, मग धाकटा जाळणार काय? चाळीस वर्षे मी लोकांच्या काट्यांतली खोट काढली, आणि आकडा दिसला की माल आला असे समजणारा मूर्ख मीच निघालो.

हे मी कोणाला सांगितले नाही. आधी वाटले, आत्ताच आई गेली आहे, नंतर सांगू. नंतर वाटले, आता काय उकरून काढायचे. ताईने धाकट्याकडे जाणे-येणे सोडले. तिच्या नातवाच्या लग्नात कोणीतरी त्याच्या हातात फोन देऊन "काढा एक" म्हटले, तर तो हात मागे घेऊन म्हणाला, "मी नको, माझ्या हातून बिघडतं." मी दोन पावलांवर उभा होतो. गप्प बसलो. मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. माझ्यामागे धाकट्याने हे वाचून उपयोग काय? मेलेल्याला कोण शिव्या देणार? तो निव्वळ पळपुटेपणा झाला असता. म्हणून त्याचे नाव कलमातून खोडले आणि साक्षीदार म्हणून त्याला बोलावले.

इथवर लिहून झाल्यावर तो शनिवारी आला; पुढचे नंतर जोडले आहे. ओट्याला टेकून उभ्यानेच सगळे वाचले. शेवटचे पान दोनदा वाचले.

"ताईला माहितेय?"

"नाही."

"मग सांग."

"हा कॅमेरा तर तू आत्ताच घेऊन जा. मी हातात देतो—"

"दादा, कॅमेरा राहू दे. मी इथे बसलोय तोवर ताईला सांग."

मी फोन लावला आणि कलम पाच वाचून दाखवले.  वाचता वाचता मध्येच धाकट्याने पाण्याचा पेला पुढे केला. ताईने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "त्याला फोन दे." पुढचे मला एकाच बाजूचे ऐकू आले. "हो. अगं नाही. नाही गं, मी कधीच नव्हतो रागावलो. तू जेवलीस का? बरं, ये."

माझ्याशी तिला बोलायचे नव्हते. मंगळवारी धाकटा पुन्हा आला होता; सकाळच्या गाडीने ती आली, शहात्तराव्या वर्षी तीन मजले चढली आणि धाकट्याला पोटाशी धरून दारातच उभी राहिली. मग तिने कागद मागितले. कॅमेऱ्याचे अजून कोणी काही ठरवलेले नाही. ठरेपर्यंत तो कपाटात राहील.

वर लिहिलेले सर्व माझे आहे, त्यातला खोटेपणाही माझाच होता. साक्षीदारांनी वाचले, माझ्यादेखत सह्या केल्या, मी त्यांच्यादेखत केली.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: १४ मार्च, मंगळवार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला, धाकटा भाऊ: (सही) वाचले. माझी तक्रार नाही.

साक्षीदार दुसरी, थोरली बहीण: (सही) वाचले. धाकट्याची माफी मागितली. मधल्याला अजून माफ केलेले नाही. करीन, तोवर त्याने मरू नये.