पेढा निर्दोष सुटला

मरोळ, अंधेरी
दिवाळीच्या आधीचा सोमवार

चिरंजीव दत्तारामास मालनताईचे पोटभर आशीर्वाद. (पोट मुद्दाम घातलं आहे, पुढे कळेल.)

तुझा गुडघा कसा आहे? घाटकोपरला पाणी वेळेवर येतं ना? सम्यक नव्या नोकरीत रुळला का? इकडे आता सगळं ठीक आहे. पत्र कशाला, म्हणशील. तर तू गेला महिनाभर माझा फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "राँग नंबर" म्हणून ठेवतोस. (निदान आवाज तरी बदल. सत्तर वर्षं ऐकते आहे तो.) पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या पेढ्यांना नावं ठेवली म्हणून तू रुसलास. तेव्हा आधी निकाल सांगते. पेढा निर्दोष आहे, असं ॲग्नेस सिस्टरने सगळ्यांसमोर जाहीर केलं आहे. आता खटला ऐक. नातवाला पवईत नोकरी लागली म्हणून तू भलामोठा डबा घेऊन आमच्या या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषा केंद्रात आलास. आल्या आल्या म्हणालास, कालपासून पोट जरा ढिलं आहे, आणि तडक संडासात शिरलास. बाहेर आलास तो पँटला हात पुसत. (बेसिन होतं, साबण होता, तुझ्या वाटेत आला नाही एवढंच.) डबा नुसता ठेवून गेला असतास तर तू दत्ताराम कसला! आपल्यात आनंदाची बातमी म्हणजे पेढा भरवायला हवा. तू एकेकाच्या खाटेशी गेलास, अर्धा पेढा याच्या तोंडात, उरलेला त्याच्या तोंडात, आणि वर फोटो काढून ग्रुपवर टाकलेस. पहिला घास अर्थात मला. लाडकी ना मी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून आमच्या मजल्याची अशी काही वाट लागली की विचारू नकोस. ज्या माणसांना उठून बसायला दोन मावश्या लागतात, ती माणसं पळताना पाहिली मी. पण ॲग्नेस सिस्टरची कमाल बघावी ती तेव्हाच. ही आमची मोठी सिस्टर, इथल्याच गावठाणातली, चणीने एवढीशी. तिने आमचा मजला बंद केला, मावश्यांच्या बांगड्या आणि डॉक्टरांचं घड्याळ उतरवलं. संडासाचं फडकं लाल, खोलीचं निळं, आणि लाल फडकं खोलीत दिसलं तर त्या मावशीची धडगत नव्हती. बाटलीतलं ते थंडगार औषध हातावर चोळून भागणार नाही, साबण-पाणीच हवं, हे तिने सगळ्यांच्या डोक्यात घातलं. दाराची कडी, खाटेचा दांडा, वॉकरची मूठ, टीव्हीचा रिमोट (त्याच्यावरून निघालेला मळ बघून मला मालिका बघायची इच्छा उरली नाही) दिवसातून किती वेळा पुसलं गेलं, देव जाणे. दत्ता, तुझ्या ताईच्या स्वच्छतेचं आख्ख्या चाळीत नाव होतं. पण मी जन्मभर जे दिसतं ते पुसलं. ही बाई जिथे हात लागतो ते पुसते. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला. (प्रत्यक्ष करायला गेले तर म्हणाली, पायांना हात लावलात, आता परत धुवा.)

मग तिने तपास लावला. संशय पेढ्यावरच होता. पण माझ्या शेजारच्या वनमालाबाई कुणाच्या हातचं खात नाहीत. त्यांनी त्याच डब्यातले पेढे आपल्या चमच्याने खाल्ले, चांगले दोन-तीन, आणि बाई ठणठणीत! उलट आमचे ॲम्ब्रोजकाका. त्यांना साखरेचा आजार. पेढ्याला शिवलोसुद्धा नाही, असं ते शपथेवर सांगत होते, आणि वाऱ्या सगळ्यांत जास्त त्यांच्या. ॲग्नेसने तुझे फोटो मागवले. एका फोटोत काकांचं तोंड उघडं आणि तुझी बोटं आत. (काका आता चर्चमध्ये जाऊन कबुली देणार आहेत.) अशा रीतीने पेढा सुटला आणि बोटं अडकली.

पुढच्या आठवड्यात तू आलास तेव्हा तिने फाटकावरच्या बेसिनकडे हात केला, बस्स. आणि तू ओरडलास, "माका हात धुवूक सांगतास? मी काय उकिरड्यार लोळान इलंय?" ती पेढ्यांचं आणि आजाराचं सांगायला लागली, तर अर्धंच ऐकून तू नाक्यावर पोचलासदेखील. अरे, त्याच बेसिनवर डॉक्टर हात धुतात, मला भेटायला येणारा माझा लेक देवेश धुतो. ॲग्नेसचे स्वतःचे हात तर धुऊन धुऊन फाटले आहेत.

तिचं राहिलेलं अर्धं मी सांगते. तुझा आवाज मला वर ऐकू येत होता, कारण मी सलाईन लावून पडले होते. अंगातलं पाणी सगळं गेलं होतं. चादर घाण व्हायची, ॲग्नेस बदलायची, कपाळावर आठी नाही. साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्याने पाजायची. तू निघून गेलास तेव्हा मला रडू फुटलं, तर म्हणाली, "मावशी, रडू नका. तेवढं पन पाणी आता परवडायचं नाय." तेव्हा मी खरंच घाबरले होते, दत्ता. मरणाला नाही रे. तू रुसलेला असताना मरायला.

हे तुला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. (थोडंसं टोचावं म्हणूनच लिहिलं आहे.)

तुझी थोरली बहीण,
मालनताई

ता. क. भाऊबीजेला ये. एवढंच सांगायचं होतं, त्याला चार पानं लागली. ॲग्नेसची परवानगी काढून ठेवली आहे. ओवाळीन, पण करंजी भरवणार नाही. बशीत देईन, आपल्या हाताने खा. पेढे जरूर आण.

ता. क. दुसरा. येताना साबणाच्या डबीत लपवून माझी मिश्री आण. सिस्टर सगळं तपासते, साबणावर मात्र तिचा विश्वास आहे. (दाताला लावायचं बोट मी आधी धुते.)

ता. क. तिसरा. त्या दिवशी फाटकावर ॲग्नेस नसेल. बेसिनशी खुर्ची टाकून पाहुण्यांचे हात बघायचं काम मी मागून घेतलं आहे. लहानपणी तुझं मी काय काय धुतलं आहे ते आठव, आणि गुपचूप हात पुढे कर.