तुसाच्या आगीतली कांडी

३ डिसेंबर १९७९, अड्याळ

पुरली एकदाची! जस्त-अँटिमनीची कांडी, काचेच्या बंद नळीत, परसातल्या धुमसत्या तुसाच्या ढिगात. कांडीचं एक टोक तापवलं, दुसरं थंड ठेवलं की तिच्यातून वीज निघते. पण नुसती ओतलेली कांडी जेमतेम देते. मंद आचेवर बरेच दिवस ठेवून हळूहळू निववली, तर खरी. नागपूरला माझ्या जुन्या कॉलेजातल्या भट्टीला हे जमेना — रोज वीज जाते आणि भट्टी थंड! धानाचं तूस मात्र आठवडाभर आतल्या आत धुमसतं.

तिथल्या सरांनी कच्च्या कांड्या दिल्यात. एक चांगली करून दाखव, म्हणाले, लग्नात अर्धवट सुटलेलं एम.एस्सी. पुरं करायला जागा देतो. म्हणजे वर्षभर नागपूर! ह्यांचा होकार आहे. पण हे नोकरीला जवाहरनगरला, शनिवारीच घरी येतात. मी गेले की सासूबाई एकट्या. त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या विचारतात, रताळं भाजून राहिलीस का?

६ डिसेंबर

आग छान. सासूबाई माझ्यापेक्षा जास्त जपतात तिला.

९ डिसेंबर

तडकली. शेजारच्या मंदाबाई पहाटे विस्तव न्यायला आल्या आणि ढिगाच्या पोटातूनच फावडंभर निखारे घेऊन गेल्या. नळी थंडीत उघडी पडली. मी पाहिलं तेव्हा कांडीचे तीन तुकडे! रडू आलं. मंदाबाईंचा काय दोष? आमच्या आळीत विस्तवाला कोणी नाही म्हणत नाही. सासूबाईंनी तर जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही.

१० डिसेंबर

दुसरी कांडी पुरली. संध्याकाळी मंदाबाई आल्या. सासूबाई ढिगापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज विस्तव नाही देत." मी ऐकतच राहिले. मंदाबाई रिकामं खापर घेऊन गेल्या.

१४ डिसेंबर

मंदाबाई बोलत नाहीत. विहिरीवर तोंड फिरवतात. सासूबाईंना लागतं, दिसतं मला. तरी पहाटे उठून ढिगावर नवं तूस घालतातच.

१९ डिसेंबर

अखंड! एकही चीर नाही! ढीग आपोआप विझू दिला, घाई केली नाही. एक टोक चिमणीच्या ज्योतीत, दुसरं ओल्या फडक्यात. सरांनी दिलेल्या मीटरचा काटा कच्च्या कांडीवर जेवढा हलला होता त्याच्या दुपटीहून पुढे गेला! तोच धातू, तेवढंच वजन — फरक फक्त निववण्याचा. मी अंगणात चक्क नाचले. सासूबाईंनी विचारलं, ह्यानं दिवा लागते का? नाही म्हटलं, एका कांडीनं कसला लागतोय. "मंग नाचतेस कायले?" म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या. फार सुखाचा दिवस.

२२ डिसेंबर

हे कांडी घेऊन नागपूरला जाऊन आले. सर खूश. दोन जानेवारीपासून ये, म्हणाले! आईला तूच सांग, म्हणतात हे. संध्याकाळभर सासूबाईंसोबत वाल सोलत बसले. तोंडच उघडेना.

२३ डिसेंबर

सांगितलं. त्या वाल सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "माहा घनश्याम मले पयलेच बोलला होता. तुले जायचं नसतं, तं मी मंदाले विस्तव नाही म्हटली असती का?"