विमानाची वेस

भाटघर,
२१ नोव्हेंबर १९६८

ती. दादास,

धाकट्या गीताचा नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत. रतन वहिनी आणि तुझी आठ दिवसांची लेकही. (ती तुझ्यावर गेली आहे. कोणी काही विचारलेलं नसतानाही बोलते.) जर्मनीत थंडी फार असेल, कान बांधत जा.

आता गाऱ्हाणं. घरातलं माणूस वेशीबाहेर पडेपर्यंत आई केर काढू देत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तू पुण्याला जायचास तेव्हा एस.टी.नं कामथडी ओलांडली असेल अशा अंदाजानं झाडू हातात मिळायचा. या खेपेला तिनं मला विचारलं, "आभाळाला येस कुठं असती गं?" मी खरं ते सांगितलं, की नसते. शिकलेल्या माणसानं थोडं कमी खरं बोलावं. आईनं लगेच निकाल दिला, "येस न्हाई, तर पोचूस्तवर केर बी न्हाई!"

नेमकी भाताची मळणी झालेली. घरभर भुसकट, आणि सोमवारी तुझ्या लेकीचं बारसं! शेजारची साळूबाई उंबऱ्यातूनच विचारून गेली, "बारसं घरात हाय का खळ्यात?"

मग तू कधी पोचशील ते काढायचं माझ्या गळ्यात आलं. मी शाळेतून नकाशा आणला (विचारून), बाळाच्या करगोट्याचा उरलेला दोरा सांताक्रूझपासून फ्रँकफर्टपर्यंत ताणला. मग मनात आलं, की पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट. म्हणून परसातल्या भोपळ्यावर कोळशानं देश काढले आणि दोरा पुन्हा ताणला. चार हजार मैल तरी निघाले. ताशी पाचशे धरले, तर आठ तास. (भोपळ्याची संध्याकाळी भाजी झाली. जर्मनीची फोड आईनं तुझ्या नावानं वेगळी काढली.)

तुझं विमान शनिवारी रात्रीचं, म्हणून रविवारी सकाळी मी जाहीर केलं, दादा पोचला. झाडू उचलला, तेवढ्यात कंडक्टर गेनूतात्या चहाला टेकले. "आमच्या गाडीला थांबंच लई. इमान मधी थांबत न्हाई व्हय?" मला खोटं बोलवेना. थांबतं म्हटलं. झाडू खाली. थांबे मिळवून संध्याकाळी पुन्हा उचलला, तर तिथलं घड्याळ साडेचार तास मागं असतं, हेही मीच सांगून बसले. आई म्हणाली, "मागं? म्हंजी पोरगं अजून वाटंवरच की!" तेव्हापासून आजवर तिचा माझ्या कुठल्याच हिशेबावर विश्वास नाही. तार नको, उगाच खर्च, असं तुला जाताना मीच म्हटलं होतं. ते मागं घेते. पोचल्याची तार कर, म्हणजे सोमवारच्या आत घर झाडता येईल.

तुझी,
गीता

ता.क. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं, की हे तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. भोपळ्यापर्यंत सगळा हिशेब केला, पत्राचाच राहिला.

आणखी ता.क. पोस्टमन काल चुकला, म्हणून हे. आज पहाटे बघते तर आईनं स्वतःच घर झाडलेलं. बाळाला शिंका येत होत्या म्हणे. पण केर बाहेर टाकलेला नाही. पाळण्यामागच्या कोपऱ्यात कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठेवलाय. मी म्हटलं, "आई, हिशेबानं दादा कवाच पोचला." ती म्हणाली, "मग जा, तू टाक." दादा, डालगं मी अजून उचललेलं नाही. दोन ओळी लिही.