दारातली होडी

ता. ३

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे जिवंत आहोत, क्षेम म्हणवत नाही.

आपला चुलतभाऊ आता शेठ झालाय. आपली जाळी वाळायची तिथे त्याचं हॉटेल आहे, शेजारी आइस्क्रीमची दुकानं आणि रबरी चपलांचे ढीग. त्याचं मला काही नाही. पण उद्घाटनाला शोभा म्हणून चार दिवसांसाठी मागून नेलेली बाबांची होडी त्यानं परत दिलीच नाही. दारात ठेवून, माती भरून तिच्यात फुलझाडं लावलीत! ज्या बाबांनी त्याला पोहायला शिकवलं, त्यांच्या होडीची कुंडी. खिडकीतून ती दिसते म्हणून बाबांनी खाट भिंतीकडे फिरवलीय. बोलत नाहीत, धड जेवत नाहीत.

मी गप्प बसणारी नाही. मासळी वाळवायच्या काठ्या अशा उभ्या केल्यात, की वाऱ्यासरशी वास थेट त्याच्या जेवणघरात शिरतो. पाहुणे नाकाला रुमाल लावून नाश्ता सोडून पळतात. फार बरं वाटतं बघ.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

ता. १४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसलो, मग हसू गेलं. शेठचा फोन आला होता. ताईला आवर, पर्यटकांच्या बोटींच्या इंजिनांचं काम तुलाच देतो म्हणाला. मला घरी यायचंय ताई, इथल्या वर्कशॉपमध्ये जीव विटलाय. तरी आधी होडी दे म्हटलं. तो हसला. ती आता पाण्यात घातली तर बुडेलच म्हणाला.

एकच विचारतो. झाडांना रोज पाणी घालतात का? होडी उन्हात कोरडी पडली की सांधे उघडतात, हे तुला मी काय सांगू. भांडण वाढवू नकोस असं लिहिणार होतो. नाही लिहीत.

रागातून उरेल तेवढी माया माझ्यासाठी ठेव.

तुझा,
धाकटा

ता. २९

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. आज खरंच क्षेम!

त्याचा माळी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा. फळ्या फुगून घट्ट बसलेल्या. शेठला कसलं कळतंय, होडीत बसला की ओकायचा तो.

माझ्या मासळीचा वास मात्र वाया गेला. त्यानं तिथे 'अस्सल मच्छीमार जीवन' अशी पाटी लावली आणि पाहुणे माझे फोटो काढायला लागले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात त्याचाच निरोप आला, की पाहुण्यांना होडी समुद्रात लोटताना बघायचीय, वाडीतल्या बायकांना घेऊन ये. मी साखरेहून गोड झाले, येते म्हटलं.

रविवारी किनाऱ्यावर त्याची रंगवलेली प्लास्टिकची होडी तयार होती. मी सरळ त्याच्या दारात गेले आणि झाडं उपटायला लागले. बायकांनी माती उपसली. पाहुण्यांना वाटलं हाच कार्यक्रम, त्यांनीच दोर धरले. शेठ नको नको करत धावला, तोवर टाळ्या सुरू झालेल्या. चारचौघांत हसावं लागलं मेल्याला. होडीत थेंब आला नाही. वल्हवत घरी आणली.

बाबा दारात उभे होते. माती नीट धुवा म्हणाले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. आता होडी त्याच्या जेवणघरातून समोरच दिसेल अशी बांधलीय. नाश्त्याच्या वेळेला बाबा तिच्यात बसून जाळं विणतात, तोंड हॉटेलकडे करून. शेठनं त्या बाजूचे पडदे ओढून घेतलेत. समुद्र बघायला आलेली माणसं पडद्याकडे बघत जेवतात.

तू ये. होडीला इंजिन बसवायचंय, ते काम त्याच्याकडे मागावं लागणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. उपटलेली झाडं मी त्याच्या पायरीवर नेऊन ठेवली. दुसऱ्याची वस्तू आपण चार दिवससुद्धा ठेवून घेत नाही, असं त्याला सांगितलं.