गॅरिकबाईंचे सात सेकंद

मंगळवार, ६ मे

दोन ओळी! अकरा महिने माझ्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवलं, आणि बंद करताना दोन ओळींचं पत्र. 'निधीअभावी वाचा-उपचार केंद्र ३० मेनंतर बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' गैरसोय म्हणे! बस चुकली की गैरसोय होते. माणसाचं तोंड बंद झालं तर त्याला काय म्हणायचं, तेवढं लिहायचं राहिलं वाटतं.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून डेसकडे एकच शब्द उरलाय – छान. भूक लागली, छान. पाय दुखतोय, छान. मागच्या आठवड्यात जिन्यात घसरला, मी धावत गेले, तर खालून वर बघून म्हणतो, छान! डोळ्यांत पाणी, आणि तोंडात छान.

त्याला शिकवणाऱ्या ब्रायनीला फोन केला. चांगली पोरगी आहे. म्हणाली, "मलाही पत्रानंच कळलं, ग्लेनिस. तू घरी सराव सोडू नकोस. आणि थांब. तो शब्द शोधत असतो, तोवर मनात दहा मोज."

मोजते की! तीनपर्यंत जाते. मग मीच बोलून टाकते. चहा? शाल? चष्मा? तो मान हलवतो. हो म्हणून की कंटाळून, देव जाणे.

बुधवार, ७ मे

दुपारी एका माणसाचा फोन. "बाई, बावीस तारखेच्या गुरुवारी मत कोणाला, ठरलं का?" म्हटलं, नाही ठरलं, आणि ठरलं असतं तरी तुला का सांगू? त्याला आनंदच झाला. म्हणे असेच लोक हवेत! उद्या टीव्हीवर तिन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांचा वाद आहे, तो शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या हॉटेलात बसून बघायचा. मी आणि आणखी तेवीस जण, कोणाचंच काही न ठरलेले.

मला राजकारण कळत नाही. शाळा पंधराव्या वर्षी सोडली. पण ग्रिम्झबीच्या गोदीवर तीस वर्षं मासे निवडतेय. डोळा बघायचा, कल्ला उघडायचा, बोटानं दाबायचं. मांस परत वर आलं तर ताजा, इकडच्या पेटीत, नाही आलं तर तिकडच्या. पुढारी काय वेगळे?

डेसजवळ बेव्ह बसेल. माझ्याच टेबलावर काम करते, तोंडाळ आहे, पण वेळेला येते.

गुरुवार, ८ मे

निळा ब्लाउज घातलाय. डेस म्हणाला, छान. या वेळी तसंच म्हणायचं असावं.

शुक्रवार, ९ मे

पहाटे पाचची पाळी करून आले, झोपायला पाहिजे, पण डोकं तापलंय. आधी लिहिते.

हॉटेलात प्रत्येकाच्या हातात एक डबी दिली, वर गोल बटण. बोलणं आवडलं तर उजवीकडे फिरवायचं, नाही आवडलं तर डावीकडे. हात सोडला की बटण आपोआप मधे येतं. आमच्या चोवीस बटणांची मिळून एक रेषा, ती पुढाऱ्यांच्या तोंडाखाली पडद्यावर सापासारखी वरखाली पळत राहते, आणि सगळा देश ती बघतो. डबी वाटणारी पोरगी म्हणाली, "समजलं ना, आजी?" आजी! पंचावन्नाची आहे मी. म्हटलं, मला समजलंय, तू तुझी वायर सांभाळ.

खरं सांगते, शिव्या घालायच्या तयारीनंच बसले होते. पण दोन तास उभं राहायचं, हातात कागद नाही, समोर दिवे, आणि शेजारी दोघं तुमची चूक पकडायला टपलेले. मला तर दहा मिनिटांत घाम फुटला असता. तिघांनाही आधी त्याबद्दल मानलं.

पंतप्रधान कॅलोवे. मला हा माणूस कधीच आवडला नव्हता. पण काम चोख! एका बाईनं घरभाड्याचं विचारलं, तर तासाभरानं दुसऱ्याच गोष्टीवर बोलताना तिचं नाव घेऊन म्हणाला, "तुम्हाला मघाशी अर्धंच उत्तर दिलं, आता पुरं करतो." आणि केलं! आकडे सगळे तोंडपाठ. बर्फातला मासा – चकचकीत, ताठ, कल्ला मात्र उघडू देत नाही. तरी दोनदा उजवीकडे फिरवलं. खोटं कशाला लिहू?

पेन्री, छोट्या पक्षाचा. वेल्सकडचा, गोल चेहरा, मधेमधे बोलायची खोड. पण काय बोलतो! पंतप्रधान म्हणाले, आमच्याकडे योजना तयार आहे. पेन्री म्हणाला, "हो, माझ्या बायकोकडेही स्वयंपाकघराची योजना तयार आहे. नऊ वर्षं झाली, मी अजून अंगणात भांडी घासतोय." आमच्या खोलीत हशा. रेषा छताला!

आणि गॅरिकबाई, विरोधी पक्षाच्या. पहिला अर्धा तास नुसता वाया. सारखी बाही ओढत होत्या. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "गेली ही." मलाही तसंच वाटलं.

मग एका माणसानं उभं राहून विचारलं, गावोगावची छोटी उपचार केंद्रं बंद होताहेत, त्याचं काय? माझा हात बटणावर घट्ट झाला. आमचंच की! कॅलोवेंनी मोठ्या इस्पितळांचे आकडे सांगितले. पेन्रीनं कॅलोवेंना टोमणा मारला. मग गॅरिकबाई.

म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी या केंद्रांच्या निधीत कपात करायच्या बाजूनं माझ्या पक्षानं मत दिलं. मीसुद्धा. मला तेव्हा–"

आणि अडकल्या. तोंड उघडं, शब्द नाही. पण हसल्या नाहीत, खोकल्या नाहीत, पाण्याचा पेला उचलला नाही, पाठ केलेलं काही फेकलं नाही. उभ्या राहून शोधत राहिल्या. मी मोजलं! एक, दोन, तीन... सात. आणि पेन्री, ज्याला दोन शब्दांइतका दम निघत नाही, तो गप्प. कॅलोवेंनाही आयती संधी होती, तेही नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. त्या सात सेकंदांसाठी मी तिघांनाही पहिल्या प्रतीच्या पेटीत टाकते.

मग बाई म्हणाल्या, "तेव्हा मी चुकले. पैसे कुठून आणायचे हे मला आज माहीत नाही, म्हणून आश्वासन देत नाही. पण दारात आलेल्या माझ्या उमेदवाराला कोणीही विचारा, तुमचं केंद्र राहणार की जाणार. मतदानाआधी तो हो की नाही ते सांगेल. दोन्ही मिळून नाही. एकच."

बोट दाबलं, मांस वर आलं.

आणि वाद संपल्यावर टीव्हीवरचा टाय लावलेला जाणकार काय म्हणतो? "गॅरिक यांचा सगळ्यात कमजोर क्षण. रेषा पाहा, सपाट! मतदारांनी कान बंद केले." मी उठलेच. अरे गाढवा, आम्ही ऐकत होतो! म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही फिरवलं? म्हणाला, "विसरलोच की." त्याच्या पलीकडची, तीही विसरलेली. चोवीसच्या चोवीस विसरलो होतो! मी त्या डबीवाल्या पोरीला म्हटलं, सांग त्याला, हात थांबले होते म्हणून रेषा सपाट. ती म्हणाली, "आता प्रक्षेपण संपलंय हो."

आज टेबलावर बेव्ह म्हणाली, "तुझी ती बाई अडकली तेव्हा मी म्हटलं, बोल की गं भवाने! तर तुझ्या नवऱ्यानं हात वर केला. असा, पोलिसासारखा. मला गप्प केलंन, ग्लेनिस! आणि ती बोलेपर्यंत हात खाली नाही."

मी हॅडॉक मासा उचलला आणि चुकीच्या पेटीत टाकला.

शनिवार, १० मे

पेपरात मोठ्या अक्षरात – गॅरिक गोठल्या. त्यात बटाट्याची सालं गुंडाळून टाकली.

रविवार, ११ मे

एका परक्या बाईसाठी सात मोजले. घरच्या माणसासाठी तीन. हे काल रात्रीपासून टोचतंय.

आज भाजलेलं मटण केलं होतं. डेसनं ताटावरून बोट फिरवलं, ओठ हलले. एक, दोन, तीन, चार – मीठ! म्हटलंच मी. त्याला मीठ नको होतं. काय हवं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गार जेवलो.

मंगळवार, १३ मे

ब्रायनीकडचे पाच तास उरले. तिला गॅरिकबाईंचं सांगितलं. म्हणाली, "मीही पाहिलं. माझ्या सगळ्या पेशंटांनी पाहिलं. त्यांना ती अडकल्यासारखी वाटलीच नाही."

संध्याकाळी डेस खुर्चीत चुळबुळ करायला लागला. मी हात मांडीखाली दाबून बसले. जीभ चावली. दहा झाले. चौदा झाले. माझं डोकं फुटायची वेळ आली. आणि मग – "खि... ड... की."

उघडली. त्यानं डोळे मिटून वारा घेतला.

अकरा महिने तो असा चुळबुळला की मी त्याच्या अंगावर शाल टाकतेय.

शुक्रवार, १६ मे

गॅरिकबाईंना पत्र लिहायला बसले. 'माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की' – इथवर लिहिलं आणि फाडलं. परत त्याच्या तोंडचं मीच!

त्याऐवजी त्याला वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं, उद्या आपल्या गल्लीत त्यांचा उमेदवार येणार. म्हटलं, विचारायचं तर तूच विचार. मी मधे पडणार नाही.

शनिवार, १७ मे

आला. थर्लबी नाव, नवे बूट, हातात यादी. "बाई, तुमचं मत आम्हाला आहे ना?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. डेस काठी टेकत माझ्या मागून पुढे आला. उंबऱ्यावर उभा राहिला. थर्लबीनं घड्याळ पाहिलं, म्हणाला, "काका, तुम्ही सावकाश–" म्हटलं, गप. तुझी बाई थांबली होती, तूही थांब.

अकरापर्यंत मोजलं.

"केंद्र," डेस म्हणाला. "राहणार... की... जाणार?"

थर्लबी म्हणाला, वर विचारावं लागेल, आमचा दृष्टिकोन असा आहे की – डेसनं हात वर केला. पोलिसासारखा. मी पुढचे आकडे मोजलेच नाहीत.

"हो... की... नाही. बुधवारपर्यंत."