रेघेबाहेरची कातडी

प्रिय माय,

तुझ्या आजारावरचा लेख वैद्यकीय नियतकालिकाला पाठवायचा आहे आणि मी एका वाक्यावर अडले आहे. ‘पुरळ जागा बदलत असल्याचे लक्षात घेऊन त्याच्या ताज्या कडेचा नमुना घेण्यात आला.’ व्याकरण निर्दोष आहे. पण लक्षात घेतलं कुणी? ते आधी तुझ्यापाशी कबूल करायला हवं, म्हणून हे पत्र.

बिलोलीहून तू नांदेडला माझ्या दवाखान्यात आलीस, तेव्हा पोटावर आणि मांड्यांवर लाल चट्टे होते व त्यांच्याभोवती गेरूच्या रेघा. नागीण समजून लक्ष्मीकाकू कुंभारणीने त्या आखल्या होत्या. पुरळाने रेघ ओलांडू नये, एवढाच तिचा हेतू. त्वचारोगतज्ज्ञाच्या आईच्या अंगावर गेरू? मला लाज वाटली. नर्सकडून सगळं पुसून घेतलं आणि सर्वांत मोठ्या चट्ट्याच्या मधोमध मसुराएवढा तुकडा काढला.

“रेघ कशाला पुसलीस बाई? काल आत होतं, आज भाईर निघालंय. घ्यायचंच हाय तर भाईरचं घे.”

डॉक्टर कोण आहे, असं मी तुला विचारलं. तू हसलीस. “तूच. पर कातडं माझं हाय.”

अहवाल आला, साधा इसब. मधला भाग जुना, भरत आलेला. सांगण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. तीन आठवडे मी मलम देत राहिले. मग तुला श्रेय न देता तू सांगितलेलीच ताजी कड घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा वरचा थर फिकट, मरत चाललेला होता, खालचा शाबूत. असं चित्र स्वादुपिंडातल्या एका दुर्मीळ गाठीकडे बोट दाखवतं. ती ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक बेसुमार सोडते. साखर वाढते, माणूस वाळतो, कातडी झडते. रक्ततपासणीने आणि स्कॅनने तेच सांगितलं. गाठ यकृतापर्यंत आधीच पोचली होती. तू त्यातच गेलीस.

गाठ पोटात इतकी खोल, आणि तिची खबर कातडीवर का यावी? नेमकं कारण अजून कुणालाच पुरतं उलगडलेलं नाही. तुला ते ऐकायला किती आवडलं असतं!

ते तीन आठवडे हाती असते तर? शस्त्रक्रिया करणारे म्हणतात, फरक पडला नसता. मला तेवढ्याने उत्तर मिळत नाही.

पण तूही कमी नाहीस. जीभ सोलली म्हणून तिखट सोडलंस, झंपर सैल झाले म्हणून दोनदा टाके घातलेस. मला का सांगितलं नाहीस? मी रागावेन म्हणून?

वाक्य मी बदलते आहे. ‘पुरळ सरकत असल्याचे रुग्णाने पहिल्याच भेटीत सांगितले. पहिला नमुना चुकीच्या जागेवरून घेतला गेला.’ नाही, ‘घेतला गेला’ नव्हे. ‘मी घेतला.’

या रविवारी बिलोलीला जाऊन लक्ष्मीकाकूजवळ बसेन. रेघ नेमकी कुठे आखायची, हे तिला कशावरून कळतं, ते विचारीन. आणि तिचं बोलून संपेपर्यंत तिचा एकही शब्द दुरुस्त करणार नाही, हे वचन.

तुझी,
सुनंदा