रंगाखालची रेघ

प्रिय ठकू,

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तुझ्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी उचलते आणि दरवेळी म्हणते, काकू, ती झोपली आहे. सकाळी करा, संध्याकाळी करा, तू आपली झोपलेलीच. पोर गुणाची आहे, खोटं बोलायची सवय नाही, लगेच आवाज बारीक होतो तिचा. परवा मी म्हटलं, उठवू नकोस, एवढंच सांग, जेवते का ती? तर म्हणाली, डबा तसाच परत जातो. कागद निदान तुझ्या उशाशी पडून राहील. फोनसारखा वाजून वाजून बंद तरी पडणार नाही.

इकडे नवीन काही नाही. चहाला पाणी अजून दोघांचं पडतं. हाताला कितीदा सांगितलं, ऐकत नाही. उरलेला मीच पिते, गार. वाचनालयातून पुस्तक आणते आणि त्याच पानावर बसून राहते. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवून वाचायला शिकले, तेव्हासुद्धा एवढी अडत नव्हते. शेजारीण म्हणते, मन रमवा. जसं काही मन म्हणजे रडणारं मूल, खुळखुळा दाखवला की गप्प.

काल पंखा पुसायला स्टुलावर चढले, तर वरच्या नटावर बाबांची पिवळी रेघ. तुला आठवतंच, नट आवळून झाला की बारीक कुंचल्याने नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढायचे. नट जरासा जरी फिरला तरी रेघ मधेच तुटलेली दिसते, हात लावायचंही कारण नाही. कारखान्यात पत्रा ठोकायच्या त्यांच्या प्रेसवर जागोजागी होत्या, आणि घरात त्यांनी काही सोडलं नव्हतं. नळ, सायकल, कुकरचा दांडा. मी म्हणायचे, माझ्या डोक्यालाही एक मारून ठेवा, फिरलं की कळेल. तर म्हणायचे, तिथे रंग टिकायचा नाही, सारखंच फिरतं ते. काल मी घरभर हिंडून सगळ्या रेघा पाहिल्या. सगळ्या जुळलेल्या आहेत, ठकू. या घरात काहीच सैल झालेलं नाही. मग स्टुलावर येऊन बसले, पंखा पुसायचा राहिला.

तुझ्या कंपनीच्या डब्या त्यांच्या कारखान्यात बसल्या, तेव्हाचं त्यांचं तोंड तू पाहिलं नाहीस. तू तिकडे पडद्यासमोर. काड्यापेटीएवढी ती डबी, चुंबकाने मशीनला चिकटलेली, आणि मशीनचा प्रत्येक ठोका तुझ्यापाशी रेषा होऊन पोचतो, हे त्यांनी मला ताटावर वाटी आपटून समजावलं. चांगल्या ठोक्याची रेषा एकदा उठते आणि बसते. काही सैल असलं की मागून बारीक बारीक थरथरत राहते. मग वाटीत चमचा टाकून परत आपटली, भाजी माझ्या अंगावर. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की म्हणत, मशीनची नाडी बघते, तीही एवढ्या लांबून. कारखान्यातले चिडवत, आता कामचुकारपणाची सोय राहिली नाही, वर पोरगी बसलीय. त्यांना ते चिडवणंही गोड लागायचं.

डब्या बसवल्या त्याच आठवड्यात कारखान्यात पाहुणे येणार म्हणून सगळ्या प्रेसना निळा रंग दिला. बाबा घरी आले ते कोपराला निळा रंग घेऊन. मी विचारलं, तुमच्या रेघा? म्हणाले, गेल्या रंगाखाली, मारीन परत. मग दिवस जात राहिले. पुन्हा विचारलं तर हसले. म्हणाले, आता रेघ कशाला? रेघेला नट फिरल्यावर कळतं, आपल्या ठकूला त्याच्याआधी कळतं. हे तुला सांगितलं नव्हतं. सांगू नये असंच वाटत होतं. पण आता जे सांगायचं आहे ते अर्धं सांगून भागणार नाही.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ते नेहमी आवाज मोठा करून ठेवायचे, मलाही ऐकू यावं म्हणून. तू म्हणालीस, बाबा, तुमच्या प्रेसची रेषा थरथरतेय, पण डबीच सैल झाली असणार. नेहमी डबीच असते. उद्या जागा पुसून नीट बसवा. ते म्हणाले, जी साहेब. दुसऱ्या दिवशी बसवली. जाड रंगावर चुंबक नीट धरत नव्हतं, म्हणून थोडी खाली, उघड्या लोखंडावर बसवली. रेषा सरळ आली. तू निरोप धाडलास, शाब्बास बाबा. तो त्यांनी मला मुद्दाम वाचायला दिला आणि मी मोठ्याने वाचला. अजून आहे त्यांच्या फोनमध्ये.

सैल डबी नव्हती. वरच्या मार्गदर्शक पट्टीचे, ठोका सरळ उतरवणाऱ्या त्या जड लोखंडाचे, बोल्ट सैल होते, आणि खाली सरकवलेल्या डबीला ते तितकेसे ऐकू येत नव्हते. बाबा पत्रा सरकवायला वाकले होते, तेव्हा पट्टी त्यांच्यावर आली.

तुला वाटतं, आईला काय कळणार, वरून काहीतरी पडलं एवढंच तिला माहीत. बाबा गेल्यावर लोक भेटायला येत होते तेव्हा तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. पाणी दिलं तर भांड्याकडे पाहून घ्यायचीस. मला तेव्हाच कळलं होतं. वाटी आपटून शिकवलेलं विसरत नाही माणूस. तुझी चूक नाही असं लिहिलं तर तू कागद फाडशील, आणि ते खरंही नाही. तुझी चूक झाली. त्यांचीही झाली. रंग देणाऱ्याची झाली, देवविणाऱ्याची झाली. सगळ्यांनी आपापल्या परीने एकेक फेरा सैल केला. मला राग येतो का? येतो. भांडी घासताना येतो, पण कोणावर ते ठरेपर्यंत भांडी संपतात. तुला मी माफ केलं असंही लिहीत नाही. माफ करायला तू परकी आहेस का? माझाच हात भाजला तर मी त्याला माफ करत बसत नाही. नुसता दुखतो तो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल दुपारी रेडिओ आला होता. तोच, बाबांच्या कारखान्यातला, जो कधी बोलत नाही म्हणून त्यांनी त्याचं नाव रेडिओ ठेवलं. खुर्चीच्या कडेवर बसला, दुसऱ्या कपातला चहा प्याला. म्हणाला, वहिनी, सोमवारी ती प्रेस सुरू होतेय, जागा मला दिलीय. नाही म्हणायची सोय नाही, घरात पोरं लहान आहेत. रेघा सगळ्या परत मारल्यात, दादांच्याच कुंचल्याने. पण ठोके चालू असताना वर बघणार कोण, हात खाली असतात. मग कप खाली ठेवून म्हणाला, तुमची ठकू बघतेय ना? ती बघत असेल तर उभा राहतो. दुसऱ्या कोणी म्हटलं डबी सैल असेल, तर माझा विश्वास बसायचा नाही. ती आता तसं म्हणणार नाही. ठकू, मला माहीत आहे तू कामावर जात नाहीस, राजीनामा लिहून ठेवलायस, त्या मुलीने सांगितलं. तू बरी होशील असं मला वाटत नाही. मीही होणार नाही, तशी आशा मी धरलेली नाही. पण त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हटलं. म्हटलं, बघतेय ती. तो उठला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. सोमवारी पहिल्या पाळीला तो बाबांच्या जागेवर वाकेल, आणि त्याला वाटत असेल की तू बघते आहेस.

तुझीच,
तुला न विचारता तुझ्या भरवशावर हो म्हणून बसलेली
आई